वाण नाही, पण गुण लागला

आमच्या सीमाभागात उसाविषयी बोलणे निघाले, की एक शब्दप्रयोग हमखास कानी पडतो : 'वाण थकला.' एखाद्या जातीचा ऊस पंधरा-वीस वर्षे भरघोस पिकतो. मग हळूहळू त्याची पेरे आखूड होऊ लागतात, जाडी उतरते, फुटवे विरळ होतात, आणि लागणीचा खर्च तोच राहून वजनकाट्यावरचा आकडा मात्र दरवर्षी थोडा थोडा खाली येतो. शेतकरी चिकोडीचा असो वा हुक्केरीचा, तो 'ऊस' म्हणो वा 'कब्बु' म्हणो, अखेरीस मान हलवून एवढेच सांगतो, की वाण थकला, आता दुसरा शोधायला हवा. भाषेचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस हा प्रयोग फार प्रिय आहे. राबून राबून दमलेल्या बैलाविषयी बोलावे, तशी माया त्यात आहे. परंतु मायेच्या शब्दाआड खरे कारण पुष्कळदा झाकून जाते, आणि या बाबतीत तसेच झाले आहे, असे आता अभ्यासान्ती दिसते. वाण थकत नाही. तो आजारी असतो. आणि तोही एका आजाराने नव्हे, तर एकाच वेळी अंगात मुक्कामाला आलेल्या तीन-चार आजारांनी.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी प्रथम उसाची लागण कशी होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्वारी, भात, हरभरा ही पिके आपण दाण्यापासून घेतो. दाणा म्हणजे फुलातल्या संयोगातून जन्मलेले नवे लेकरू. ऊस आपण कांडीपासून लावतो. दोन डोळ्यांची टिपरी तोडायची, सरीत दाबायची, आणि पाणी सोडायचे. त्या डोळ्यातून जो कोंब येतो तो लेकरू नव्हे. ते मूळचेच झाड पुन्हा उभे राहिलेले असते. याचा अर्थ असा, की आज बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापुरात आणि सोलापुरात 'शहाऐंशी-झिरो-बत्तीस' या नावाने जो लक्षावधी टन ऊस उभा आहे, तो सारा एकाच रोपाचा विस्तार होय. रत्नागिरीचा हापूस असाच पिढ्यान्‌पिढ्या कलमांनी वाढत आला. म्हणून हापूस म्हातारा झाला, असे कोणी म्हणत नाही. मग उसानेच का थकावे?

कारण दाणा हा एक प्रकारची चाळणी आहे. झाडांना होणारे बहुतेक विषाणुजन्य रोग दाण्यातून पुढच्या पिढीत उतरत नाहीत. झाड आजारी असले तरी त्याचे बी पुष्कळदा निरोगी निघते. कांडीला अशी चाळणी नाही. आईबाप झाडाच्या अंगात जे जे असेल, ते सारे टिपरीबरोबर नव्या सरीत येते. एकरभर लागणीला दोन डोळ्यांच्या सुमारे दहा हजार टिपऱ्या लागतात. त्यांतील काही रोगट निघाल्या, की त्यांचा ऊस वाढतो, त्यावर मावा बसतो, शेजारच्या बेटांना लागण करतो; पुढच्या वर्षी त्याच शेतातून बेणे तुटते आणि आणखी दहा शेतांत जाते. खोडवा राखला, तर जमिनीतल्या बुडख्यात विषाणू तसाच टिकून राहतो आणि नव्या फुटव्यांत चढतो. निडव्याला तो आणखी जोरात असतो. बँकेतल्या ठेवीवर व्याज चढावे, त्याप्रमाणे दरवर्षी रोगाची पुंजी वाढत जाते. व्याज मात्र शेतकऱ्याच्या खात्यातून वजा होते.

आता या पुंजीत कोण कोण आहेत, ते पाहू. सर्वांत जुना आणि ओळखीचा म्हणजे मोझॅक. कोवळे पान उजेडात धरले, की गडद हिरव्या पृष्ठभागावर फिक्या हिरव्या-पिवळ्या रंगाचे लांबट ठिपके दिसतात. जावा बेटातील डच बागाईतदारांनी या रोगाची नोंद १८९२ मध्ये केली होती. मका आणि ज्वारीवरही जगणारा मावा हा रोग फैलावतो, हे १९२० मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. मावा पानात सोंड खुपसून काही सेकंद रस चाखतो, तेवढ्यात काम होते. म्हणून फवारणी करून हा प्रसार थांबत नाही. औषधाने मावा मरेपर्यंत त्याने चार पाने चाखलेली असतात. दुसरा पाहुणा मोझॅकसारखाच दिसतो, पण तो निराळा आहे. आपल्या देशात मोझॅक म्हणून जे ओळखले जाई, त्यातील बराचसा भाग या दुसऱ्या, रेषांच्या मोझॅकच्या विषाणूमुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळून आले. दोघे पुष्कळदा एकाच बेटात, एकाच पानात नांदत असतात, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांची निवड करणे कोणालाही शक्य नाही.

तिसरा पाहुणा पिवळ्या पानाचा. १९८९ च्या सुमारास हवाई बेटांत तो प्रथम लक्षात आला. नव्वदच्या दशकात ब्राझीलमध्ये त्याने एका लोकप्रिय जातीचे मोठे नुकसान केले. भारतात त्याची नोंद १९९९ ची आहे. ऊस सहा-आठ महिन्यांचा झाला, की पानाच्या मधल्या शिरेची खालची बाजू पिवळी पडू लागते, पुढे पाने टोकाकडून वाळतात, शेंड्याकडची पेरे आखूड होऊन पानांचा झुबका झाल्यासारखा दिसतो. हा विषाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांतच राहतो. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून कांड्यात उतरायची, त्याच नळ्यांत त्याने ठाण मांडलेले असते. त्यामुळे साखर पानाच्या शिरेत अडकून पडते आणि कांडे उपाशी राहते. ज्वारीवर ज्याचा चिकट रस पडलेला आपण पाहतो, तोच मावा या रोगाचा मुख्य वाहक. आणि एकदा विषाणू त्याच्या अंगात शिरला, की तो जन्मभर वाहत राहतो. चौथा विषाणू पिठ्या ढेकणाबरोबर फिरतो. कित्येकदा त्याची काही खूणच दिसत नाही. याखेरीज खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणू आणि उसाचे गवताळ बेट करून टाकणारा रोग, हे दोघे विषाणू नसले तरी त्याच टिपरीतून प्रवास करतात.

यांपैकी कोणताही एक पाहुणा एकटा आला, तर ऊस बहुधा त्याला सोसतो. अडचण येते ती ते एकत्र नांदू लागल्यावर. असे का व्हावे, याचे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे, आणि ते आम्हांस मोठे उद्बोधक वाटते. झाडालाही स्वतःचे संरक्षण असते. विषाणू पेशीत शिरून आपल्या नकला काढू लागला, की झाड त्या नकलांचे बारीक तुकडे करते, आणि तेच तुकडे नमुन्यादाखल हाती धरून त्याच्यासारखे दुसरे जे कोणी दिसेल त्यालाही कापत सुटते. चोराचे छायाचित्र घेऊन पोलिसांनी गावभर हिंडावे, तसाच हा प्रकार. यावर काही विषाणूंनी तोड काढली आहे. ते असे एक प्रथिन तयार करतात, की जे झाडाची ही पोलीसचौकीच बंद पाडते. मोझॅकचा विषाणू या कलेत निष्णात आहे. त्याने चौकी बंद पाडली, की त्याचा स्वतःचा फायदा होतोच. परंतु एरवी झाडाने ज्याला मर्यादेत ठेवले असते असा दुसरा विषाणूही मोकळा सुटतो. दोन विषाणूंची जोडी नेहमीच घातक ठरते, असे नाही. कधी कधी एक दुसऱ्याला वाटही अडवतो. पण जिथे जोडी जमते, तिथे एक अधिक एक यांची बेरीज दोन राहत नाही.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण उसावर घडले नसून मक्यावर घडले आहे, आणि त्यात उसाच्या मोझॅकचाच हात आहे. २०११ मध्ये केनिया देशात मक्याची उभी शेते वाळू लागली. शोध घेता दोन विषाणू सापडले : एक मक्याचा स्वतःचा, आणि दुसरा उसाच्या मोझॅकचा. एकेकट्याने आले असते, तर मका पिवळसर होऊन कसाबसा पिकला असता. दोघे मिळून आल्यावर झाडे शेंड्यापासून मेली, कणसे भरलीच नाहीत, आणि मक्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या तोंडचा घास गेला. बटाट्याच्या दोन विषाणूंची अशीच घातक युती शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ऊस चिवट पीक आहे. तो मक्यासारखा मरत नाही. तो फक्त उतरत जातो. मेला असता, तर आपण जागे झालो असतो. तो उभा राहतो, म्हणूनच आपण फसतो.

या ठिकाणी २००२ सालची आठवण आमच्या वाचकांना करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी सांगली-कोल्हापूरकडून आमच्या भागात लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूस कापूस चिकटवावा तशी पांढरी लव, तिच्या खाली काळी पडलेली पाने, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही. गावोगाव सभा झाल्या, वर्तमानपत्रांत रोज मजकूर आला, शाळेतल्या मुलांनीही त्यावर निबंध लिहिले. पुढे त्या माव्याला खाणारे किडे शेतात वाढले आणि ते संकट बव्हंशी निवळले. ते डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्यावर उपाय झाला. विषाणूंची लव दिसत नाही. त्यांच्यावर सभा होत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याजवळ एकच वाक्य आहे : वाण थकला.

हे वाक्य आपण पूर्वीपासून म्हणत आलो, असे इतिहास सांगतो. दख्खनमध्ये एके काळी पुंड्या ऊस होता. जाड, रसाळ, दाताने सहज सोलता येणारा. तो मागे पडला आणि जावा बेटातला पीओजे २८७८ आला. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले होते. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा संकर रानटी काश गवताशी घडवून आणला, आणि त्यातून कोइमतूरच्या जातींची मोठी परंपरा सुरू झाली. आपल्याकडे को ४१९ आला, मग को ७४०, मग कोसी ६७१, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून को ८६०३२. प्रत्येक जाती आली तेव्हा तिचे कौतुक झाले, आणि प्रत्येक जाती काही वर्षांनी 'थकली'. त्या साऱ्यांचा ऱ्हास केवळ विषाणूंनी झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाबूक काणी, लाल कूज, अधिक उताऱ्याच्या नव्या जातीचा मोह, अशी अनेक कारणे त्यात होती. परंतु ज्याला आपण थकवा म्हणतो, त्याच्या मुळाशी साचत गेलेली ही अदृश्य पुंजी होती, हे आता नाकारता येत नाही. अमेरिकेतील लुइझियाना प्रांताने हा धडा फार महागात घेतला. तेथील साखरेचे उत्पादन दोन लाख टनांहून अधिक असे. मोझॅक, लाल कूज आणि मुळांची कूज यांनी मिळून १९२६ पर्यंत ते सुमारे ४७ हजार टनांवर आणून ठेवले. तेथेही एका रोगाने हे केले नाही. अनेकांनी मिळून केले.

एवढे सारे आम्ही पुस्तकी कुतूहलाने लिहीत नाही. आमच्या घरात हा प्रश्न दोन कुटुंबांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, हिरण्यकेशीच्या काठी वडिलार्जित चार एकर जमीन कसतात. त्यांच्या उसाची पंचक्रोशीत ख्याती. बेण्यासाठी लोक त्यांच्याकडे येत, आणि वडिलांचा दंडक असा, की दारी आलेल्याला बेण्याला 'नाही' म्हणू नये. पैसे कोणी मागत नसे. फार तर तोडणीची मजुरी ज्याची त्याने द्यायची. नदीपलीकडे दिलेल्या आमच्या आक्काच्या घरी तर दर तीन-चार वर्षांनी दादांचेच बेणे जात असे.

काही वर्षांपूर्वी दादांच्या खोडव्याची पाने पिवळी दिसू लागली. एका संशोधन केंद्रातील तरुण शास्त्रज्ञ त्या बाजूस आला असता त्याने पानांचे नमुने नेले. महिन्याभराने कळले, की एकाच बेटात तीन विषाणू आहेत. दोन मोझॅकचे आणि एक पिवळ्या पानाचा. शास्त्रज्ञाने ऊतिसंवर्धनाची पन्नास रोपे दिली, आणि दादांनी ती बांधाच्या कडेला, मोठ्या शेतापासून दूर, वेगळ्या सरीत लावली. जात तीच, ८६०३२.

पुढच्या जानेवारीत सुरू लागणीच्या वेळी आक्काचे यजमान, आमचे दाजी, नेहमीप्रमाणे बेण्याला आले, आणि दादांनी आयुष्यात प्रथमच नकार दिला. दाजींना ते लागले. "ऊस तर हिरवागार दिसतोय, खरं तुम्ही नाही म्हणताय. पैशाचं काय असलं तर सांगा की," एवढे बोलून ते निघून गेले. दादांना उत्तर सुचले नाही. तिळगुळाचे दिवस होते. आक्का त्या वर्षी हळदीकुंकवाला माहेरी आली नाही. मराठीत 'वाण' हा शब्द उसाच्या जातीलाही आहे आणि संक्रांतीला सुवासिनी एकमेकींना देतात त्या भेटीलाही आहे. त्या वर्षी आमच्या घरातून दोन्ही वाणे गेली नाहीत.

दादा आम्हांस म्हणाले, "तू शिकलेला आहेस. मी नाही म्हणालो ते त्यांच्या भल्यासाठी, एवढं तरी त्यांना सांग." आम्ही नदी ओलांडून गेलो. दाजींपुढे विषाणूंची नावे घेतली असती, तर त्यांनी ती शांतपणे ऐकून चहा मागवला असता. म्हणून आम्ही फक्त एवढेच म्हणालो, की एकदा शेतावर चला. रथसप्तमीच्या सकाळी ते आले. दादांनी प्रथम मोठ्या शेतातले एक पान मोडून त्याची मधली शीर उन्हात धरून दाखवली. मग आम्ही सारे बांधाकडेच्या त्या सरीजवळ गेलो. माती तीच, पाणी तेच, खत तेच. लागण एकाच आठवड्यात झालेली. दाजींनी दोन्हीकडचा एकेक ऊस तोडला, खांद्याला खांदा लावून उभा केला, पेरे मोजली, मुठीत धरून जाडी पाहिली. सरीतला ऊस मुठीत मावत नव्हता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वाण तोच की."

आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार त्या चार शब्दांत आले. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण माणसांच्या संगतीविषयी वापरतो. उसाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. वाण बदललेला नव्हता. त्याला गुण लागलेला होता.

परंतु त्या सकाळी सर्वांत अधिक अस्वस्थ होते ते दादा. ते म्हणाले, "तीस-पस्तीस घरांना मी बेणं दिलंय. कुणाकुणाला काय देऊन बसलो, देव जाणे." त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, गावात ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही त्यांना कित्येक रात्री झोप आली नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना त्यांनी दीड एकर खोडवा त्याच महिन्यात नांगरून टाकला. बुडखे वेचून जाळले. त्या वर्षी घरात काटकसर करावी लागली. दाजींनी निम्मा खर्च उचलून दोन्ही घरांसाठी मिळून दहा गुंठ्यांचा बेणेमळा केला, तोही जुन्या उसापासून आणि ज्वारीपासून दूर. एक एकर बेण्यातून सुमारे दहा एकरांची लागण होते. या हिशेबाने दहा गुंठ्यांतून दोन्ही घरांची अडीच एकरांची सोय झाली.

ऊतिसंवर्धनाने रोग जातो कसा, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकाशी, जिथे नव्या पेशी भराभर निर्माण होत असतात, तिथे अन्नवाहिन्या अद्याप तयार झालेल्या नसतात, आणि विषाणू तिथपर्यंत बहुधा पोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे हे टोक कापून काढतात, काचेच्या बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवतात, आणि त्यापासून झालेल्या रोपांची पुन्हा विषाणूंसाठी तपासणी करतात. पाण्यात ५० अंश उष्णतेवर दोन तास बेणे ठेवण्याची जी जुनी रीत आहे, ती खोडव्याच्या जिवाणूवर उपयोगी पडते. पिवळ्या पानाच्या विषाणूवर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी शेंड्याच्या टोकाचाच मार्ग घ्यावा लागतो. कोइमतूरच्या संस्थेत या मार्गाने विषाणुमुक्त केलेल्या जुन्या जातींनी आपला पूर्वीचा जोम बऱ्याच अंशी परत मिळवलेला दिसला आहे. थकलेला वाण पुन्हा तरुण झाला, असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे दुखणे उतरले, एवढेच.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अलीकडे गावोगाव उसाच्या रोपवाटिका झाल्या आहेत. ट्रेमध्ये एका डोळ्याची टवटवीत रोपे पाहून मन प्रसन्न होते. पण रोप ट्रेमध्ये वाढले, म्हणून ते निरोगी ठरत नाही. ज्या उसाचा डोळा काढला, तो ऊस कोठला, तो तपासला होता काय, ऊतिसंवर्धनापासून ही कितवी पिढी, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून रोपे घेऊ नयेत. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित, अशी बेण्याची जी तीन पायऱ्यांची पद्धत शास्त्रज्ञांनी घालून दिली आहे, तिचा हेतू हाच आहे. दर तीन वर्षांनी बेणे बदलावे, बेण्यासाठी नऊ ते अकरा महिन्यांचाच ऊस तोडावा, खोडव्याचे बेणे मुळीच वापरू नये, लहान वयातच रोगट दिसणारी बेटे मुळासकट उपटावीत. या गोष्टी कृषी खात्याची पत्रके वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. त्यामागचे कारण आपण समजून घेतले नाही, म्हणून ती पत्रके आपल्याला उपदेशासारखी वाटली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून उपदेशाचे काय होते, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आहोत; कारण सांगितल्याशिवाय तो कोणाच्याच गळी उतरत नाही.

आणि हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. आपण स्वच्छ बेणे लावले आणि शेजारी पाचव्या वर्षाचा खोडवा उभा असला, तर मावा बांध ओलांडून येतोच. तो ना सातबारा पाहतो, ना उतारा. आमच्या भागाचा सीमाप्रश्न त्याने केव्हाच निकालात काढला आहे. गडहिंग्लजचे बेणे संकेश्वरला येते, संकेश्वरचे चिकोडीला जाते, आणि रोग त्याच्याबरोबर मराठी-कन्नड भेद न करता फिरतो. म्हणून साखर कारखान्यांनी, सोसायट्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून आपापला बेणेमळा राखला, तरच त्याला अर्थ आहे.

वडिलांचा दंडक मोडला काय, असे आम्हांस दादांनी विचारले होते. आमचे उत्तर असे, की दंडक मोडला नाही. त्याचा अर्थ पुरा झाला. दारी आलेल्याला बेण्याला 'नाही' म्हणू नये, हे खरेच आहे. मात्र देण्यापूर्वी आपण काय देतो आहोत, हे पाहून घेणे हा दातृत्वाचाच भाग आहे. पूर्वी पाहण्याचे साधन नव्हते, आज आहे. गेल्या हंगामात दादांच्या बेणेमळ्यातून पाच घरांना टिपऱ्या गेल्या, त्यांत आक्काचे घर होते. प्रत्येकाला दादांनी टिपऱ्यांबरोबर एकच अट घातली : हे बेणे तीन वर्षेच वापरायचे, आणि चौथ्या वर्षी पुन्हा मागायला यायचे.